लॅपटॉपचा पडदा आणि वऱ्हाडचें ऊन



आज आपणांशीं ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, तो ऐकून कांहीं जणांस वाटेल कीं हा कारागिराच्या दुकानांतला प्रश्न. एका निवृत्त शाळामास्तराचें त्यांत काय काम? परंतु ज्या घरांत शिकणारें मूल आहे, अशा पुष्कळ घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येऊन उभा राहतो. पूर्वी मुलाची पाटी फुटली, तर आठवड्याच्या बाजारांतून दुसरी आणीत असूं. आतां मुलाची पाटी म्हणजे लॅपटॉप, आणि ती बिघडली तर कापसाच्या पट्टीचा सारा हिशेबच बिघडतो. तेव्हां ती बिघडण्यापूर्वीं कशी जपावी, आणि बिघडलीच तर आपली फसगत होऊं नये म्हणून काय जाणून असावें, हें सांगण्याचा माझा हेतु आहे.

लॅपटॉपला होणारे आजार पुष्कळ आहेत. त्यांतला एकच मीं निवडला आहे. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा दिसूं लागतात. चित्रावर रंगीत चौकटी पसरतात. काम चालू असतां एकाएकीं सर्व थिजतें. पडद्याचा ड्रायव्हर बंद पडून पुन्हां सुरू झाला, अशा अर्थाची सूचना वारंवार येते. आणि शेवटीं एके दिवशीं पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. हीं लक्षणें पुष्कळदां ग्राफिक्सची चिप निकामी होत चालल्याचीं असतात.

ही चिप काय काम करते, तें प्रथम पाहूं. आजच्या सामान्य पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात; म्हणजे एकूण २० लाखांहून अधिक. या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावयाचा, आणि तें सारें चित्र सेकंदास बहुधा ६० वेळां नव्यानें पडद्याकडे धाडावयाचें, हें ग्राफिक्सच्या मंडलाचें काम. कांहीं लॅपटॉपांत हें मंडल मुख्य प्रोसेसरच्याच पोटांत असतें. २०११ सालीं आलेल्या इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोर प्रोसेसरांत तर दोन्हीं मंडलें सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर कोरलेलीं आहेत. परंतु ज्यांना इमारतींचे नकाशे काढावयाचे, लग्नाचीं चलचित्रें जुळवावयाचीं, किंवा खेळ खेळावयाचे, त्यांच्या यंत्रांत एनव्हिडिया अथवा एएमडी यांची एक स्वतंत्र चिप बसविलेली असते. ती काम जलद करते, आणि तितकीच तापतेहि.

आतां ही चिप मदरबोर्डावर कशी बसविलेली असते, तें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढचें सर्व उलगडेल. चिपच्या तळाशीं डाखाचे, म्हणजे दुकानांत ज्यास सोल्डर म्हणतात त्याचे, शेंकडों बारीक मणी असतात. एकेक मणी खसखशीच्या दाण्याहूनहि लहान. या मण्यांनीं चिप मदरबोर्डास जोडलेली असते. पण हा झाला बाहेरचा सांधा. चिपच्या आंतहि सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची लहान पाटी यांना जोडणारे, याहून कितीतरी सूक्ष्म असे ठिपके असतात, आणि त्यांना आधार म्हणून सभोंवतीं एक प्रकारची राळ भरलेली असते. अशा रीतीनें सांध्यांचे दोन थर झाले, एक बाहेरचा आणि एक आंतला. हा भेद श्रोत्यांनीं कृपा करून लक्षांत ठेवावा.

उष्णतेनें पदार्थ प्रसरतात, हें आपण शाळेंत शिकलों. गांवच्या सुताराकडे बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव चढवितांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना निराळें सांगावयास नको. धाव लाल होईपर्यंत तापवितात, ती फैलावते, चाकावर चढते, आणि पाणी ओततांच आकसून लांकडास अशी आवळते कीं वर्षानुवर्षें निघत नाहीं. मूर्तिजापुराहून अचलपुराकडे जाणाऱ्या शकुंतला गाडीच्या चाकांचा खटखट आवाज ज्यांच्या कानांत अजून असेल, त्यांना हेंहि आठवेल कीं तो आवाज रुळांच्या सांध्यांतील फटींचा असे; उन्हाळ्यांत रूळ लांबतो, त्यास जागा असावी म्हणून ती फट ठेवीत.

चिपच्या सांध्यांत अशी फट ठेवतां येत नाहीं. तेथें सर्व घट्ट जोडलेलें असावें लागतें. आणि अडचण अशी कीं सिलिकॉन उष्णतेनें फार थोडें प्रसरतें, तर त्याखालची पाटी त्याच्या कित्येक पट प्रसरते. यंत्र सुरू केलें कीं चिप ७०, ८०, कधीं ९० अंशांपर्यंत तापते. बंद केलें कीं खोलीच्या उष्णतेवर येते. प्रत्येक वेळीं दोन पदार्थांची ओढाताण होते आणि ती सारी त्या बिचाऱ्या सांध्यांस सोसावी लागते. तार एकाच जागीं वारंवार वांकविली म्हणजे जशी तुटते, तसाच सांध्यास शेवटीं तडा जातो. प्रथम तो तडा गरम झाल्यावर उघडतो आणि गार झाल्यावर मिटतो. म्हणून आरंभीं दोष येतो आणि जातो, आणि मालक समजतो कीं यंत्र आपोआप सुधारलें.

हा दोष केवळ वापरणाऱ्याच्या हयगयीनें होतो असें कोणीं समजूं नये. २००८ सालच्या जुलै महिन्यांत एनव्हिडिया कंपनीनें स्वतःच जाहीर केलें कीं लॅपटॉपसाठीं बनविलेल्या तिच्या कांहीं चिपांत वापरलेलें आंतलें जोडद्रव्य कमकुवत निघालें आहे, आणि त्यापायीं होणाऱ्या खर्चासाठीं १५ ते २० कोटि डॉलर बाजूस काढावे लागत आहेत. एचपी, डेल, अ‍ॅपल अशा मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत त्या चिपा होत्या. पुढें अ‍ॅपलच्या २०११ सालच्या कांहीं मॅकबुक प्रो यंत्रांत एएमडीच्या चिपांसंबंधींहि तक्रारी आल्या, आणि २०१५ च्या फेब्रुवारींत त्या कंपनीनें अशीं यंत्रें विनामूल्य दुरुस्त करून देण्याची योजना काढली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राच्या बिघाडापायीं त्या कंपनीस २००७ सालीं शंभर कोटि डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस ठेवावी लागली होती. त्या बिघाडाची कथा कंपनीनें २०२१ सालीं एका माहितीपटांत सांगितली, तेव्हां तिच्याच माणसांनीं स्पष्ट केलें कीं तुटत होते ते चिपच्या आंतले सांधे. जगांतले नामांकित कारखानदार जेथें ठेंचाळले, तेथें दर्यापूरच्या किंवा बाळापूरच्या एखाद्या मुलास "तूंच नीट वापरला नाहींस" म्हणून दरडावणें न्यायाचें होणार नाहीं.

तथापि आपल्या वऱ्हाडांत या दोषास पोषक अशीं कारणें अधिक आहेत, हेंहि खरें. लॅपटॉपबरोबर मिळणारी पुस्तिका कोणी वाचीत नाहीं. ती उघडून पाहिली तर पुष्कळ कंपन्यांनीं त्यांत असें छापलेलें आढळतें कीं हें यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेंत वापरावें. आतां अकोल्याचा मे महिना आठवा. नवतपा लागला कीं पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. अमरावतीस त्याहून फारसें सुख नाहीं. टिनाच्या छपराखालीं दुपारीं काय होत असेल, तें सांगावयास नको. म्हणजे पुस्तिकेंत छापलेली मर्यादा आपल्याकडे उन्हाळ्यांतील कित्येक आठवडे हवाच ओलांडून जाते. यंत्र सुरू करण्यापूर्वींच. आणि नेमक्या याच दिवसांत परीक्षा, प्रवेशाचे अर्ज आणि लग्नसराई. लग्नाचीं चलचित्रें जुळविणारे आमचे फोटोग्राफर बंधु भर दुपारीं तास-तास यंत्र राबवितात. त्यांच्या चिपा लवकर थकल्या तर नवल नाहीं.

दुसरें कारण धुळीचें आणि कापसाचें. लॅपटॉपच्या आंत एक लहान पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून तांब्याच्या बारीक पात्यांवरून सोडतो. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरांत, आणि ज्यांच्या ओसरीवर हंगामांत कापसाचे ढीग पडलेले असतात त्यांच्या घरांत, रुईचे तंतु हवेंत तरंगत असतात. ते पंख्यांतून जाऊन पात्यांवर बसतात, त्यांवर धूळ बसते, आणि तेथें नमद्यासारखा एक थर जमतो. मग पंखा कितीहि ओरडला तरी हवा पुढें जात नाहीं. तिसरें कारण आपल्या संवयीचें. मूल गादीवर पालथें पडून लॅपटॉप समोर ठेवतें. गादी खालून हवा येण्याचीं भोंकें बुजविते. रुईची गादी म्हणजे उष्णता कोंडून ठेवण्याचें उत्तम साधन. थंडींत आपण तिचा तोच उपयोग करतों.

आतां दुरुस्तीकडे वळूं. माझ्या परिचयाच्या एका कास्तकाराची मुलगी अमरावतीस स्थापत्याची पदविका घेत होती. बापानें कापूस विकून तिला एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला होता. अखेरच्या सहामाहींत, मार्चच्या सुमारास, नकाशा उघडला कीं पडद्यावर रंगीत चौकटी येऊं लागल्या आणि यंत्र थिजूं लागलें. ती एका दुकानांत गेली. तेथें "चिप पुन्हां बसवून दिली" असें सांगून तिच्याकडून ३,००० रुपये घेतले. पावती दिली नाहीं, मुदत सांगितली नाहीं. यंत्र सुरेख चालूं लागलें. मुलगी निश्चिंत झाली. पांच आठवड्यांनीं, प्रकल्पाची वही सादर करावयाची तारीख जवळ आली असतां, तेंच दुखणें पूर्वीपेक्षां जोरानें उलटलें. आतां यंत्र सुरू होऊन विंडोजच्या आरंभींच थिजूं लागलें. तिचे सर्व नकाशे त्यांतच होते. बाप माझ्याकडे आला तेव्हां त्याचा पहिला प्रश्न असा होता, "मास्तर, पोरीचं वर्ष जाईल काय?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं त्या दुकानांत काय केलें असावें, तें समजून घेऊं. चिपवर उष्ण हवेचा झोत सोडून ती तापविण्याची एक रीत दुकानांतून रूढ आहे. तिला रिहीट किंवा रिफ्लो म्हणतात. चिप काढून तिचे मणी नवे बसविण्याची दुसरी रीत आहे. तिचें नांव रिबॉलिंग. पहिल्या रीतींत असें सांगतात कीं उष्णतेनें डाख वितळतो आणि तडा सांधला जातो. परंतु आज वापरतात तो शिसें नसलेला डाख सुमारें २१७ अंशांस वितळतो. पुष्कळदां इतकी उष्णता न पोहोंचतांहि यंत्र चालूं लागतें, यावरूनच ओळखावें कीं सांधा खरोखर जुळलेला नाहीं. प्रसरणामुळें तडा कांहीं काळ मिटला, इतकेंच. कल्हईवाला भांडें तापवितो, पण कथील लावण्यापूर्वीं नवसागरानें आधीं मळ काढतो. मळ न काढतां लावलेली कल्हई टिकत नाहीं. चिपच्या आंतल्या तड्यावर जो गंज बसलेला असतो, तो काढावयास तेथें कोणाचाच हात पोहोंचत नाहीं.

दुसरी रीत, म्हणजे मणी बदलण्याची, ही कुशल हातांचें काम आहे, आणि दोष बाहेरच्या मण्यांत असेल तर ती उपयोगीहि पडते. पण मघां मीं दोन सांधे सांगितले. दोष आंतल्या सांध्यांत असेल, तर बाहेरचे मणी सोन्याचे बसविले तरी काय उपयोग? त्या कामांत चिप तापते, म्हणून ती कांहीं दिवस चालते, आणि श्रेय मण्यांस मिळतें. ज्या यंत्राची चिपच सदोष असेल, तेथें खरा उपाय म्हणजे नवी चिप, किंवा नवा मदरबोर्ड.

तापवून मिळालेली मुदत ही निरुपयोगी नाहीं, हें मात्र मला आग्रहानें सांगावयाचें आहे. ती मुदत कशासाठीं वापरावी, हें ठाऊक असलें पाहिजे. त्या मुलीस पांच आठवडे मिळाले होते. दुकानदारानें जर त्याच दिवशीं सांगितलें असतें कीं "बाई, हें चार दिवसांचें काम आहे, आज रात्रींच आपलीं सर्व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून ठेवा," तर ते ३,००० रुपये सत्कारणीं लागले असते. दुखणें बरें झालें असें भासवून त्यानें तिचे पांच आठवडे हिरावून घेतले. चिप तापविण्यापेक्षां हें सत्य लपविणें मला अधिक दोषास्पद वाटतें.

त्या मुलीचें यंत्र अकोल्यास एका दुसऱ्या कारागिराकडे नेलें. त्यानें पैशाची गोष्ट काढण्यापूर्वीं विचारलें, "यांत तुमचें काय काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत आहे काय?" मग त्यानें यंत्र सेफ मोडमध्यें सुरू केलें. या रीतींत विंडोज स्वतंत्र चिपचा ड्रायव्हर वापरीत नाहीं, साध्या पद्धतीनें चित्र दाखविते. यंत्र थिजलें नाहीं. सर्व नकाशे पेन ड्राइव्हवर उतरले. त्यानंतर त्यानें पाहिलें कीं या लॅपटॉपांत प्रोसेसरच्या पोटांतहि ग्राफिक्स आहे, आणि आरंभींच्या बायॉसच्या मांडणींत स्वतंत्र चिप बंद करण्याची सोय आहे. ती त्यानें बंद केली. यंत्र सावकाश, पण स्थिरपणें चालूं लागलें. मुलीनें त्यावरच वही पुरी केली आणि वेळेवर सादर केली. जें काम ३,००० रुपयांनीं झालें नाहीं, तें एका योग्य निदानानें झालें. प्रत्येक यंत्रांत अशी सोय नसते, हेंहि सांगितलें पाहिजे. म्हणूनच ती आहे कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें.

निदान आपण घरींहि बरेंचसें करूं शकतों. त्याच्या चार परीक्षा सांगतों. पहिली : लॅपटॉप केबलनें घरच्या टीव्हीस किंवा दुसऱ्या मॉनिटरास जोडावा. तेथें चित्र स्वच्छ आलें, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या पडद्यांत किंवा त्याच्या बिजागरींतून जाणाऱ्या बारीक पट्टींत आहे, आणि तें काम पुष्कळच स्वस्त. तेथेंहि त्याच रेघा आल्या, तर संशय ग्राफिक्सवर. दुसरी : यंत्र सुरू होतांच कंपनीचें चिन्ह दिसतें, त्यावरहि रेघा आहेत काय, तें पाहावें. असतील तर दोष ड्रायव्हरचा नव्हे, धातूचा आहे. नसतील तर मात्र चिप निर्दोष ठरली असें समजूं नये. त्या मुलीच्या यंत्रावर तें चिन्ह स्वच्छच दिसत होतें. तिसरी : झांकण हळू पुढें-मागें करावें, त्याबरोबर रेघा कमीजास्त झाल्या, तर ती पट्टीच सैल आहे. चौथी : डिव्हाइस मॅनेजरांत ग्राफिक्सच्या नांवापुढें पिवळें चिन्ह आणि ४३ हा क्रमांक दिसतो काय, तें पाहावें. दिसला तर ड्रायव्हर एकदां काढून कंपनीच्या ठिकाणाहून नवा बसवून पाहावा. तेवढ्यानें दोष गेला तर उत्तमच. पुन्हां आला तर चिपकडे बोट जातें.

पडदा अगदींच काळा झाला, तरी धीर सोडूं नये. चित्र दाखविणारी चिप गेली म्हणजे लिहिलेलें गेलें असें नव्हे. आपलें लिखाण डिस्कमध्यें असतें, आणि पुष्कळ लॅपटॉपांची डिस्क काढून, थोडक्या किंमतीच्या डबींत घालून, दुसऱ्या यंत्रास लावतां येते. येथें एक सावधगिरी. अलीकडच्या विंडोजमध्यें डिस्कला पुष्कळदां कुलूप घातलेलें असतें. त्यास बिटलॉकर म्हणतात. त्याची ४८ आंकड्यांची किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जमा असते. यंत्र धडधाकट असतांनाच ती उतरून घेऊन घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी. दुसऱ्याच्या खात्यानें सुरू केलेलें जुनें यंत्र विकत घेतांना तर ही चौकशी अवश्य करावी.

कारागिराकडे गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत. दोष चिपचा आहे हें आपण कशावरून ठरविलें? जुनीच चिप तापविणार, मणी बदलणार, कीं नवी चिप बसविणार? आणि केलेल्या कामाची लेखी हमी किती महिन्यांची? प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट समजणारें गिऱ्हाईक भेटल्याचा त्यास आनंद होतो. पावती मात्र घ्यावीच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दुरुस्तीच्या सेवेसहि लागू आहे. तक्रार जिल्हा आयोगापुढें मांडतां येते, आणि आधीं सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण पावतीवांचून तेथें बोलावयास तोंड राहत नाहीं. यंत्र कंपनीच्या मुदतींत असेल, तर बाहेर उघडूं नये. प्रथम कंपनीच्या केंद्राकडेच जावें.

नवा मदरबोर्ड घालावा कीं नवें यंत्र घ्यावें, हा शेवटचा प्रश्न. माझें मत असें कीं दुरुस्तीचा खर्च तशाच दुसऱ्या वापरलेल्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर त्यांत पैसा घालूं नये. ज्यांचें काम लिहिणें, वाचणें, हिशेब आणि शिकवणीचीं चित्रें पाहणें एवढेंच आहे, त्यांनीं स्वतंत्र चिपचा हव्यास धरूं नये. ती नसलेलें यंत्र स्वस्त पडतें, कमी तापतें, आणि आपल्या हवेंत अधिक टिकण्याचा संभव असतो. मोडलेलें यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर घालून जाळूं देऊं नये. त्यांत शिशासारखीं विषारी द्रव्यें असूं शकतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें नोंदणीकृत संस्थांकडेच तें गेलें पाहिजे.

आतां जपणुकीविषयीं थोडें सांगतों. वर्षांतून दोनदां, होळीच्या सुमारास उन्हाळा लागण्यापूर्वीं आणि कापसाचा हंगाम सरल्यावर, पंखा व पातीं स्वच्छ करून घ्यावींत. फुंकणीनें धूळ उडवितांना पंख्याचें पातें काडीनें धरून ठेवावें, तें भरमसाट फिरूं देऊं नये. चिप आणि तांब्याची नळी यांमधला लेप दोन-तीन वर्षांनीं वाळतो. तो बदलून घ्यावा. लॅपटॉप गादीवर न ठेवतां जेवणाच्या पाटावर ठेवावा. मागच्या बाजूस दोन लांकडी ठोकळे दिले तर खालून हवा खेळते. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवूं नये. त्या हवेंत पाण्याचे तुषार असतात. जड काम उन्हाळ्यांत सकाळीं दहापूर्वीं किंवा रात्रीं करावें. आपला कास्तकार वैशाखांत भर दुपारीं औत धरीत नाहीं, बैल सांवलींत बांधतो. तीच दया या यंत्रावर करावी. आणि यंत्र चालू ठेवून दप्तरांत कोंबण्याची संवय मुलांस लागूं देऊं नये.

या सर्वांहून मोठी संवय एकच : आठवड्यांतून एक वार ठरवून लिहिलेलें सारें दुसरीकडे उतरवून ठेवणें. आपल्या आया बियाण्याचें धान्य एकाच कणगींत ठेवीत नसत. घरांत उंदीर शिरला किंवा आग लागली, तर पेरणीपुरतें तरी दुसरीकडे वांचावें, हा त्यांत विचार असे. मुलांच्या लिखाणासहि तोच न्याय लावावा. चिप ही आज ना उद्यां झिजणारी वस्तु आहे, ती बदलतां येते. तीन वर्षांचे नकाशे, एखाद्या संशोधकानें गांवोगांव फिरून जमविलेल्या नोंदी, घरच्या वडिलधाऱ्यांचीं छायाचित्रें, यांना बाजारांत मोल नाहीं आणि दुकानांत दुसरी प्रतहि मिळत नाहीं.

पडद्यावर पहिली रेघ दिसली, म्हणजे ती पूर्वसूचना समजावी. त्याच दिवशीं आपलें लिखाण सुरक्षित करावें, मग शांतपणें निदान करावें, आणि नंतरच पैशाच्या पिशवीस हात घालावा. हा क्रम चुकूं नये, एवढीच माझी श्रोत्यांस विनंति आहे.